उत्तरेच्या तुकड्यातला गहू

आमचे जावई वर्लिन यांना एक खोड आहे. गव्हाचा भाव चढायला लागला की ते विकत नाहीत, अजून चढू दे म्हणतात. उतरायला लागला तरी विकत नाहीत, परत चढेल म्हणतात. गेल्या वर्षीचा गहू माझ्या पत्र्याच्या कोठीत नुसता बसून आहे. कोठी माझी, गहू माझा. विकायचं काम तेवढं त्यांच्याकडे. तेही लेकीनं गळ घातली म्हणून.

पुढच्या महिन्यात कापणी. तोवर कोठी रिकामी नको? नवा गहू ठेवायचा कुठे, माझ्या पलंगाखाली?

यंदा कॅन्ससच्या पश्चिमेला पाऊसच नाही, त्यामुळे भाव आधीच तापलेला. त्यात आमच्याकडे गारा पडल्या. गारांची चाल ठरलेली, पट्टा धरून जातात. आमचा उत्तरेचा तुकडा लोळवला, आणि दक्षिणेच्या शेतात एक कणीस वाकलं नाही. पण वर्लिननी गावच्या सायलोवर, जिथे सगळ्यांचं धान्य जमा होतं तिथे, कॉफी पीत सांगितलं, "गेलं सगळं. कापायलाच काही उरलं नाही." बाकीच्यांनी त्यात आपापली भर घातली. भाव आणखी चढला.

मी म्हटलं, "विका आता."

"आई, जरा दम धरा. उद्या पाहणीवाले येताहेत."

हे पाहणीवाले म्हणजे गिरण्यांची न् बाजाराची माणसं. दर वर्षी मोटारी घेऊन येतात, शेतात उतरून पट्टी लावतात, कणसं मोजतात. संध्याकाळी सगळ्यांचा मिळून अंदाज निघतो आणि तिकडे शिकागोच्या धान्यबाजारात भाव नाचतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आमच्या जावयांनी दक्षिणेच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आडवा लावलेला. इंजिनाचं झाकण उघडून आत डोकं घातलेलं. ट्रॅक्टर धडधाकट होता हो! पण मोटारी वळल्या त्या नेमक्या उत्तरेच्या तुकड्याकडे. मी तिथेच कुंपणाशी वाटाण्याला काठ्या लावत होते. एक गोरागोमटा पोरगा उतरला, बुटाला माती लागू नये असा चालला, आणि मला म्हणतो, "बाई, हा गहू कुणी पेरला होता, का आपला आपणच उगवलाय?"

मी चढलेला भाव विसरले, कोठी विसरले. आमची उनरू घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची शेती, आणि हे कालचं पोर आमच्या गव्हाला नावं ठेवतंय!

"बस माझ्या गाडीत," म्हटलं. "आणि मागच्यांनाही बोलाव."

ट्रॅक्टरला वळसा घालून मी गाडी सरळ गवतातून घातली. वर्लिन पाना हलवत ओरडत होते, "आई! आई, तिकडे नको!" मी हात हलवला. दक्षिणेच्या शेतात पोरगा कमरेपर्यंत बुडाला. मोजलं, पुन्हा मोजलं, मग नुसती शीळ घातली. सगळ्यांना घरी नेऊन झ्वीबाक पाव खायला घातले, लोणी लावून. वर्लिनना हाक मारली नाही.

संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, पीक वाटलं होतं त्यापेक्षा बरं आहे. सकाळी भाव धाडकन खाली.

वर्लिन स्वयंपाकघरात आले ते पाय आपटतच. "आई, कुणाला नेलंत तिकडे? भाव पाडलात तुम्ही!"

"मी? माझ्या एका शेतानं शिकागो हलत असतं, तर तुम्हाला कधीच हलवलं असतं."

"अजून दोन दिवस भाव तसाच चढला असता, तर..."

लेक ओट्याशी उभी राहून तोंडावर फडकं धरून हसत होती. मी पिठाचे हात पुसले.

"बसा जावईबापू, ऐका. खोटं बोललात, त्याचं काय ते देव बघेल. पण भाव चढावा म्हणून खोटं बोललात, आणि चढल्यावरही गहू विकला नाहीत! लबाड जावई मी पदरात घेतला असता. आळशी लबाड मला चालायचा नाही. आजपासून गहू मी विकणार. उठा, ट्रक काढा."