हाताशी असलेला वेळ

गुरुदत्तांनी गाडी एकदम डावीकडून उजवीकडे घातली आणि मागच्या सीटवर उत्तराचा खांदा दारावर आपटला. लेकीचा हात तिच्या हातातून सुटला.

"ऐरोलीचा पूल चौदा मिनिटांत," गुरुदत्त म्हणाले. "मी म्हटलंच होतं."

देवयानी परदेशातून तीन वर्षांनी आली होती. आली म्हणजे काय, तर अकराला मुंबईच्या विमानतळावर उतरली होती आणि नव्या मुंबईच्या विमानतळावरून नागपूरला नणंदेच्या लग्नाला चालली होती. परत जायची ती तिकडूनच, दिल्लीमार्गे. आईवडिलांच्या वाट्याला आलं ते फक्त दोन विमानतळांमधलं चाळीसेक किलोमीटर अंतर. वागळे इस्टेटच्या कारखान्यात तीस वर्षं सुपरवायझर राहिलेल्या गुरुदत्तांनी गेल्या आठवड्यात ते दोनदा रिकामी गाडी पळवून मोजलं होतं. मध्ये घरी जाणं काही बसत नाही, हा निकालही त्यांचाच.

तरी उत्तराने पहाटे उठून अळूचं फदफदं केलं. डबा भरायला घेतला, तर गुरुदत्त म्हणे, गाडीत सांडेल. पातेलं ठाण्यात बाळकुमच्या घरी ओट्यावर तसंच झाकून राहिलं.

"आई, किती बारीक झालीयस गं तू," देवयानी म्हणाली.

"अगं, काय झालं माहितीये..."

"उत्तरा, डावीकडून टँकर येतोय का बघ जरा."

सरळ ठाण्याला जाणाऱ्या रस्त्याची पाटी दिसली तशी उत्तराने मान फिरवली. तिला भयंकर चीड आली होती. लेक मांडीला मांडी लावून बसलेली, आणि या माणसाचा आपला घड्याळाशी संसार चाललेला! मग तिने बोलायचा नादच सोडला. प्रवासाने शिणलेल्या देवयानीला डुलकी लागली.

पावणेदोनला गाडी नव्या विमानतळाच्या दारात थांबली. गुरुदत्तांना कोण आनंद झाला.

"चारच्या विमानाला पावणेदोनला हजर!"

देवयानी डोळे चोळत उतरली.

"चारच्या? बाबा, माझं विमान साडेपाचचं आहे."

"साडेपाच?"

"आईला मी पाच सांगितलेलं. म्हटलं, शेवटी तुमची धावपळ नको."

उत्तरा खाली बघत म्हणाली, "मी यांना साडेचार म्हणाले. लवकर पोचलो, तर कुठेतरी जरा निवांत बसता येईल म्हणून."

"आणि मी चार धरलं," गुरुदत्त म्हणाले. "वेळ हाताशी असलेला बरा."

तिघांनी मिळून दीड तास असा दडवला होता आणि त्यात घरचं जेवण सहज बसलं असतं. गाडी हलवा म्हणून शिपाई शिट्टी मारत होता. उत्तराला रडूच यायला लागलं.

"ती बॅग परत डिकीत टाका," ती म्हणाली.

"अगं, इथून घर सत्तर मिनिटं. यायला पुन्हा सत्तर. साडेचारला हिला इथे सोडायला हवं. हातात राहिली किती? पंचवीस मिनिटं!"

"तेवढ्यात जेवून होतं."

ती गाडीत जाऊन बसलीसुद्धा.

गुरुदत्तांनी घड्याळ पाहिलं. ओठांतल्या ओठांत पुन्हा एकदा बेरीज केली. मग बॅग उचलून डिकीत ठेवली आणि झाकण लावलं.

"बस गं," ते लेकीला म्हणाले. "आणि चुकलंच विमान, तर उद्या जाशील."