मी फुटकी नव्हते

मी एक जुनी अर्धी वीट आहे. अर्धी म्हटल्यावर तुम्ही मला फुटकी समजलात ना? मित्रांनो, सगळा घोटाळा तिथेच झाला.

घोड नदीकाठच्या भट्टीतून मी अख्खी भाजून निघाले. १९९८ साली कळंबजवळच्या एका वाडीत शाळेची खोली बांधायला आम्हाला आणलं. साळुबाई वाडीच्या पहिल्या बाई सरपंच. या खोलीसाठी त्यांनी तालुक्याला चौदा खेपा घातल्या होत्या.

रखमाजी गवंड्यानं करणीचा एक घाव घालून माझे दोन तुकडे केले. त्यात वावगं काही नव्हतं. सांध्यावर सांधा आला तर भिंत सरळ चिरते, म्हणून थराच्या टोकाला अर्धी वीट लागतेच.

वाडीतल्याच गेणभाऊंनी आम्हा अर्ध्या विटांचा ढीग पाहिला आणि ते पारावर सांगत सुटले, की साळुबाईंनी शाळेला फुटका माल आणला, अख्ख्या विटा घरी नेल्या. साळुबाईंचं घर दगडमातीचं, पण बघायला गेलं कोण?

ग्रामसभेत गेणभाऊंनी पुरावा म्हणून मलाच आणलं आणि बोलता बोलता भिरकावलं. मी साळुबाईंच्या कपाळाला लागले. त्याची मला अजून लाज वाटते.

कपाळाला पदर लावून त्या रखमाजीला म्हणाल्या, "तू तरी सांग भाऊ, या कशापायी फोडल्या व्हत्या?"

एका वाक्याचं काम होतं. पण गेणभाऊंच्या नव्या घराचं काम रखमाजीला मिळणार होतं. तो खाली बघत राहिला. साळुबाईंनी राजीनामा दिला आणि मला घरी नेलं.

पुढे गेणभाऊंच्या अंगणात रखमाजी अख्ख्या विटा फोडू लागला, तेव्हा त्यांना कळलं. साळुबाईंकडे मात्र ते कधी आले नाहीत.

साळुबाई गेल्यावर त्यांच्या लेकीनं, शीला बाईंनी, मला शाळेत आणलं. त्या त्याच खोलीत इंग्रजी शिकवतात. मला टेबलावर ठेवून त्यांनी फळ्यावर शब्द लिहिला, ब्रिकबॅट. ब्रिक म्हणजे वीट, बॅट म्हणजे तुकडा. इंग्रजांच्या देशात पूर्वी भांडणात असे तुकडे फेकत. पुढे कुणावर केलेल्या जहरी टीकेलाही तेच नाव पडलं.

पुढच्या बाकावरून गेणभाऊंच्या नातीनं, समृद्धीनं विचारलं, "बाई, ही कुणी मारली व्हती?"

बाई म्हणाल्या, "ज्यांनी मारली त्यांना माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते बोलले नाहीत."

मित्रांनो, मला उचलण्याआधी गवंड्याला विचारा. आणि गवंडी तुम्हीच असाल, तर खाली बघू नका. ती भिंत अजून उभी आहे, तिला एक चीर नाही. बघायला साळुबाई नाहीत.