बेट कोणाच्या पानावर

थोरल्या आणि धाकट्या जावांमध्ये विस्तव जात नव्हता, हे सगळ्या छापखान्याला ठाऊक होतं. सासरे गेल्यावर शाळांसाठीच्या नकाशासंग्रहाचं काम दोघींकडे आलं. महासागराच्या पश्चिमेकडचा खंड थोरलीकडे, पूर्वेकडचा धाकटीकडे. खोली एकच, मध्ये कपाट. बोलायचं ते कामापुरतं, तेही थोरलीच्या नवऱ्यामार्फत, म्हणजे धाकटीच्या दिरांमार्फत.

नव्या आवृत्तीत दोघींची गाठ एका बेटावर पडली. ते होतं भर समुद्रात, दोन्हीकडून सारखंच लांब. सासऱ्यांनी ते कायम पश्चिमेच्या हिरव्या रंगात दाखवलेलं. धाकटी भूगर्भशास्त्र शिकलेली. बेटाखालचा खडक पूर्वेकडचा, म्हणून ते आपल्या पानावर पिवळं हवं, असं ती म्हणे. थोरलीचं म्हणणं, तिथली माणसं पश्चिमेहून गेलेली, भाषा तिकडची, कारभार तिकडून चालतो. खडकाला कोण विचारतो?

शब्दाला शब्द वाढला.

"मामंजींनी ठरवलेलं तू बदलणार?" थोरली म्हणाली. "त्यांच्या आजारपणात एकदा तरी उशाशी बसलीस का?"

"बसू दिलंत का तुम्ही? आतून कडी कोण घालत होतं?"

दीर दोघींना हात जोडून गोदामात निघून गेले. धाकटीचा नवरा नेहमीप्रमाणे कागद मोजत बसला.

पानं छपाईला जायच्या दिवशी थोरली जेवायला गेली, तेव्हा धाकटीने तिच्या संगणकावर बसून पश्चिमेच्या पानावरचं बेट पुसून टाकलं. आपल्या पानावर ते पिवळं होतंच. त्या दिवशी ती हलक्या पावलांनी घरी गेली.

छापलेले गठ्ठे आले. धाकटीने आधी थोरलीचं पान उघडलं. तिथे नुसतं निळं पाणी होतं. मग तिने स्वतःचं पान उघडलं, तर तिथेही नुसतं निळं पाणी. कपाटाआडून तिने पाहिलं, तर थोरलीसमोर तीच पानं उघडी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. धाकटीला क्षणभर हसू फुटणार होतं, पण थोरलीने अशी नजर टाकली, की ते ओठांतच विरलं.

"दोघींनी मिळून बेट बुडवलंत," दीर म्हणाले, "आता छापखानाही बुडवा."

पुन्हा छापणं परवडणारं नव्हतं. त्यांनी दोन्ही रंगांतली बारीक कागदी बेटं कापून आणली, कोणतं पान ते तुम्हीच ठरवा म्हणाले आणि बाहेर गेले.

दोघींनी काहीच ठरवलं नाही. थोरलीने अर्धे गठ्ठे आपल्याकडे ओढले आणि पश्चिमेच्या पानावर हिरवं बेट चिकटवायला घेतलं. उरलेल्यांत धाकटीने पूर्वेच्या पानावर पिवळं चिकटवलं. कोणत्या शाळेत कोणतं बेट जाईल, हे कोणी विचारलं नाही.

दुपारी धाकटीचा गोंद संपला. थोरलीची भरलेली बाटली हाताच्या अंतरावर होती. धाकटी उठली, चपला घातल्या आणि दुकानातून नवी बाटली घेऊन आली.