शनिवारी ओली होणारी भिंत

मित्रांनो, मी एक जुने, भाड्याने दिले जाणारे घर आहे. ग्रीसमधल्या व्होलोस बंदरात, मासळीबाजारामागच्या चार मजली इमारतीत, तळमजल्यावर माझे दार आहे. खोल्या दोनच, पण माझा तोरा राजवाड्याचा आहे. तो मला का शोभतो, ते ऐका.

इथे पूर्वी एका बाईची अंजिराची बाग होती. तिने जागा बिल्डरला दिली आणि बदल्यात दोन घरे घेतली. आमच्याकडे तशी रीतच होती. त्यांतले एक मी. ती गेल्यावर तिच्या मुलांनी मला पांढराशुभ्र रंग दिला आणि विकायला काढले.

एव्हान्थिया मला पाहायला आली ती भर ऑगस्टमध्ये. चाळीस वर्षे नवऱ्यामुलींचे पोशाख शिवून तिने पैसा साठवला होता. म्हातारपणी माझ्या भाड्यावर जगायचे, असा तिचा बेत होता. बाहेर डांबर वितळत होते. तिने पुढच्या खोलीतल्या भिंतीला गाल लावला आणि म्हणाली, "अगं बाई, किती गार!" तेवढ्यावर तिने मला विकत घेतले. भिंत गार का आहे, हे तिने विचारलेच नाही.

डिसेंबरात त्या भिंतीवर काळी बुरशी चढली. पहिला भाडेकरू हिवाळा सरायच्या आत गेला, पुढच्या वर्षी दुसराही गेला. मधले कितीतरी महिने मी रिकामे पडून राहिले. एव्हान्थिया अधू डोळ्यांनी पुन्हा मशीनवर बसली. तिचा भाचा पांदेलिस माझा कारभार पाहायचा. तो बुरशीवर रंगाचा हात मारी आणि नवा भाडेकरू आणी.

तिसरी आली लेमोनिया. ती इस्पितळात परिचारिका होती. जानेवारीत तिने पांदेलिसला बोलावून घेतले.

"ही भिंत शनिवारी ओली होते. पाऊस असो नसो."

"भिंतीला वार कळतो होय?" तो हसला. "खिडक्या उघडत जा, बाई. दिवसभर चणे उकळत बसता, मग वाफ जाणार कुठे?"

"चणे मी रविवारी करते. आणि महिनाअखेर मी चालले."

पांदेलिसने जाऊन एव्हान्थियाला ते शनिवारचे बोलणे हसत सांगितले आणि म्हणाला, "मावशी, विकून टाक ते घर. मिळेल त्या किमतीला."

मी पडत्या भावात गेले असते, तर तिचे म्हातारपणही माझ्याबरोबर गेले असते. मला फार वाईट वाटले. पण एव्हान्थिया शनिवारी सकाळी स्वतः आली, भिंतीसमोर स्टूल टाकून बसली. लेमोनियाने तिला कॉफी दिली. आकाश निरभ्र होते. दहाच्या सुमारास वरच्या मजल्यावरच्या पोलिक्सेनीने नेहमीप्रमाणे नळी सोडून बाल्कनी धुवायला घेतली. थोड्याच वेळात माझ्या भिंतीवर नाण्याएवढा डाग उमटला. बघता बघता तो ताटाएवढा झाला.

एव्हान्थियाने बाहेर धावत जाऊन हाक मारली, "पोलिक्सेनी, पाणी बंद कर!"

"का म्हणून? बाल्कनी माझी!"

"बाल्कनी तुझी गं, पण पाणी माझ्या खोलीत येतंय. खाली ये आणि बघ!"

पोलिक्सेनी सपाता फटफटवत आली. भिंत पाहून तिने छातीवर क्रूसाची खूण केली. "देवाची आई! इतकी वर्षं मी बाल्कनी धुतेय की तुझी भिंत?"

बाल्कनीचे पाणी वाहून नेणारा पाइप माझ्या भिंतीच्या आत फुटलेला होता. पाइप साऱ्या इमारतीचा, म्हणून सगळ्या मालकांनी मिळून नवा घातला. मी वसंतभर वाळत राहिले, मग माझ्या भिंतीवर चुन्याचा नवा हात फिरला.

"आता जाणार का गं?" एव्हान्थियाने विचारले.

"कशाला? मला त्या भिंतीशी कपाट लावायचंय," लेमोनिया म्हणाली. पांदेलिसने मान खाली घालून कपाटाचे एक टोक उचलले.

त्याला आता बारा वर्षे झाली. लेमोनिया अजून इथेच आहे, आणि एव्हान्थियाने शिवणाचे मशीन केव्हाच देऊन टाकले.

मित्रांनो, भाड्यासाठी घर घ्याल, तर ते पावसाळी दिवसांत पाहा. आणि आत राहणारे माणूस काही सांगू लागले, तर हसू नका. आम्हा घरांना बोलता येत नाही. आमच्या वतीने तेच बोलत असते.