हवेतला खिळा

आमच्या घरात रिकामी वस्तू कुणी झुलवत नाही. पाळणा नाही, झोपाळा नाही, बाबांची डुलती खुर्चीसुद्धा नाही. चुकून पाय लागून खुर्ची डुलली की इरावतीकाकू स्वयंपाकघरातून येते, दोन बोटांनी तिला थांबवते आणि परत जाते. रिकामा पाळणा हलवला तर बाळाला बाधतं, असं आपल्याकडे म्हणतातच, पण काकूच्या बाबतीत ते नुसतं म्हणणं नाही. अवनीच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. तो पाळण्यात निजला तो एकदाच, बारशाला.

अवनी माझी चुलत बहीण. संक्रांतीनंतर तीन वर्षांची होईल. सातव्या महिन्यात जन्मली, कितीतरी दिवस काचेच्या पेटीत राहिली, आणि आता गंगेकाठी, दुर्गाघाटाच्या आमच्या गल्लीत तिच्याहून मोठा आवाज फक्त सांडाचा आहे. पण ही मुलगी आजवर कशावरही बसलेली नाही. घसरगुंडी नाही, झोका नाही. नावेत बसायचं तर काकूच्या मांडीत, वर पदर घट्ट गुंडाळून. घाटाच्या पायऱ्या तिला काकूच्या कडेवरूनच ठाऊक आहेत.

आणि डुलल्याशिवाय तिला चैन पडत नाही. लोडावर पालथी पडून पुढे-मागे. जेवताना पुढे-मागे. विश्वेशकाका संध्येला बसला की त्याच्या पाठीला पाठ लावून पुढे-मागे, मग काकाचे मंत्रही डुलायला लागतात.

ते बघूनच मी एका सकाळी जाहीर केलं, "मी हिला डुलता घोडा करून देणार आहे."

यंदा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात माझा कागदी पूल पहिला आला होता. अकरावीच्या मुलांना हरवून, मी दहावीची. तेव्हापासून मला सगळं जगच जरा नीट बसवून द्यावंसं वाटत होतं.

काका म्हणाला, "बाजारात मिळतात की."

"बाजारातल्याला काकू हो म्हणणार नाही."

काकू पोळी लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. "आणि तू केलेल्याला म्हणेन, हे तुला कुणी सांगितलं?"

"तू बघ तर आधी. नाही पटला तर नाही."

"एकदाच बघेन," काकू म्हणाली. "ऐकलंस ना मुक्ते? एकदाच."

डुलत्या खेळण्याचा सगळा खेळ त्याच्या खालच्या दोन वाकड्या पट्ट्यांत असतो. पट्टी आखायची कशी, तर मोठ्या कागदावर खिळा ठोकायचा, त्याला दोरी बांधायची, दोरीच्या टोकाला पेन्सिल बांधून फिरवायची. मी दोरी हातभरच घेतली. दोरी आखूड असली की गोलावा खोल येतो आणि डुलायला मजा जास्त. वर घोडा काढला तो वरातीतल्या घोडीसारखा, ताठ मानेचा, उंच. गल्लीच्या टोकाला लल्लन मिस्त्रीचं सुतारकामाचं दुकान आहे. त्याने कागद उलटासुलटा करून बघितला.

"बिटिया, ई पर बच्चा बइठी कि बरात निकली?"

"दोनो, चाचा," मी म्हणाले.

घोडा घरी आला तसा पहिला प्रश्न पडला. तो तपासायचा कसा? रिकामा डुलवणं तर शक्यच नव्हतं. मी नुसता हात लावला तरी काकूचा चेहरा बदलत होता. शेवटी तिनेच तोड काढली. अवनीच्या वजनाएवढे तांदूळ गोणीत भरायचे, गोणी खोगिरावर बांधायची, मग हवं तितकं डुलवा. मला तर ती फारच आवडली. पूलसुद्धा मी असाच वजनं ठेवून तपासला होता.

तांदूळ मजेत डुलले. मी ढकललं, काकाने ढकललं. मग काकूने पदर खोचला आणि दोन्ही हातांनी असं ढकललं की मलाच भीती वाटली. घोडा दर वेळी परत आला.

"बरं," काकू म्हणाली. तिच्या 'बरं'ला मी किती उड्या मारल्या असतील.

गाद्या अंथरल्या, अवनीला बसवलं. ती दोन-तीन वेळा डुलली आणि हसली. काकूच्या तोंडावरही थोडं काहीतरी उमटायला लागलं होतं. एवढ्यात अवनी पाय टेकायला लावलेल्या दांड्यांवर उभी राहिली. दोन्ही हात वर केले, "नाऽऽव" म्हणून ओरडली, आणि घोडा मागे गेला तो परत यायचंच विसरला.

ती गादीवर पडली, पण खोगिराची कड तिच्या ओठाला लागली. रक्त आलं. काकूने तिला उचललं, तोंड धुतलं, ओठाला बर्फ लावला. मग काकाला म्हणाली, "तो माळ्यावर टाक."

त्या दिवसापासून अवनी लोडावर पडून डुलायला लागली तरी काकू जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवायची. खुर्ची थांबवायची ना, अगदी तशी. अवनी थांबायची. मग काकूकडे बघायची, आपलं काय चुकलं ते न कळून.

ते मला बघवेना. घोडा गेला तर गेला, पण माझ्यामुळे तिचं डुलणंच गेलं होतं.

मी विचार करकरून दमले. वजन तेच, घोडा तोच. तांदूळ पडत नाहीत, अवनी पडते, हे कसं? शेवटी गोणी आणून माझ्या मांडीवर ठेवून बघितली. ती मांजरासारखी पसरली. सगळं वजन तळाला. मग अवनीला मांडीवर घेतलं. ती क्षणभरही पसरली नाही. ताठ बसली, मग उभी राहिली, मग माझे केस धरून आणखी वर चढायला लागली. त्यात डोकं केवढं मोठं तिचं. ही मुलगी म्हणजे सगळी वरच होती.

म्हणजे प्रश्न वजन किती, हा नव्हता. वजन कुठे, हा होता.

मी कागद, पुठ्ठा, कात्री आणि कणकेचा एक गोळा घेऊन गच्चीवर गेले. तशाच दोन छोट्या पट्ट्या कागदावर खिळा-दोरीने आखल्या, पुठ्ठ्यातून कापल्या, जोडल्या, मधोमध झाडूची काडी उभी केली आणि काडीवर गोळा ओवला. गोळा अगदी खाली होता तेव्हा कितीही ढकला, झटकन परत. वर सरकवला, तरी परत. आणखी वर, तर आळस दिल्यासारखा हळूहळू परत. आणखी किंचित वर, आणि गेला. उलटलाच.

मी तो पुन्हा खाली घेतला, पुन्हा वर नेला. दर वेळी तीच जागा. तिच्या खाली असला तर येतो, वर गेला तर जातो. काडीवर त्या जागी मी शाईची खूण केली आणि सहज म्हणून ते सगळं आखलेल्या कागदावर आडवं ठेवलं. पट्टी तिच्या रेघेवर बरोबर बसली. आणि शाईची खूण बसली खिळ्याच्या भोकावर. पुठ्ठ्याच्या वजनामुळे केसभर इकडेतिकडे असेल, पण भोकावरच.

मी ते उचलून पुन्हा ठेवलं. पुन्हा तिथेच.

खिळा मी केव्हाच उपटला होता. दोरी गुंडाळून ठेवली होती. पण पट्टीला तो आठवत होता. तिच्या नुसत्या वळणात तो खिळा शिल्लक होता, वर हवेत, कुणालाही न दिसता, आणि सगळं त्यालाच टांगलेलं होतं. वजन त्याच्या खाली असेल तर ते पाळण्यासारखं लटकतं. पाळण्याला आढ्याची कडी लागते, याला कडी नाही, दोरी नाही, काही नाही, तरी लटकतं. आणि वजन वर गेलं, की ते बिचारं खिळ्याच्या डोक्यावर उभं राहिल्यासारखं होतं. ते किती वेळ उभं राहणार?

माझ्या घोड्याचा खिळा खोगिराच्या जरासा वर होता. तांदूळ त्याच्या खाली पसरलेले. बसलेली अवनी कशीबशी सावरलेली. उभी अवनी, वर.

मी कठड्याशी गेले. खाली मुन्शी घाटाकडे नावा चालल्या होत्या, माणसांनी भरलेल्या, डुलत. एक माणूस फोटो काढायला उभा राहिला, नाव कलली आणि परत सरळ झाली. या नावा मी जन्मल्यापासून बघते आहे. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की प्रत्येकीच्या वर असंच काहीतरी असणार. पुस्तकातून मला अजून तिथवर पोचायचं आहे, पण असणारच. अख्ख्या गंगेवर न दिसणारे खिळे लटकलेले, एकेका नावेला धरून. मी किती वेळ तशीच उभी होते कोण जाणे. कणकेचा गोळा कावळ्याने नेला तेव्हा भानावर आले.

काकूसमोर जायला मात्र धीर गोळा करावा लागला. ती ओट्याशी होती. मी पुठ्ठ्याचं ते यंत्र तिच्यापुढे ठेवलं आणि नव्या कणकेचा गोळा काडीच्या तळाला लावला.

"रिकामं नाहीये," मी आधीच सांगितलं. "ढकल."

"मला कामं आहेत, मुक्ता."

"एका बोटाने फक्त."

तिने एका बोटाने ढकललं. परत आलं. तिने पुन्हा ढकललं, जोरात. परत आलं. मी काही बोलण्याआधीच तिने गोळा धरून वर सरकवला, खूण ओलांडून, आणि बोट लावलं. ते उलटलं. मग मी तिला कागद दाखवला, भोक दाखवलं, पाळण्याची न दिसणारी कडी सांगितली. ती माझ्याकडे बघत नव्हती, काडीच्या वरच्या रिकाम्या हवेकडे बघत होती. गोळा खाली आणून, ढकलून, ती त्या हवेकडे पुन्हा बघायला लागली. दूध उतू गेलं तरी.

"म्हणजे कडी तिच्या डोक्याच्या वर हवी," ती म्हणाली.

"उभी राहिली तरी वर. हात वर केले तर हात जातील वर, पण हातांना वजन कितीसं."

"आणि कडी वर न्यायची कशी?"

"दोरी लांब घ्यायची. आणि बसायची जागा खाली."

"खाली बसायची जागा असलेला घोडा कुठे असतो?"

"घोडा नाही करायचा. मगर."

काकूने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. गंगामाईचं वाहन म्हणून ती नाही म्हणेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "दात नकोत."

या वेळी मी दोरी माझ्या छातीइतकी लांब घेतली. कागदावर मावेना, म्हणून गच्चीवर खडूने आखलं. पट्ट्या लांब आणि दिसायला जवळजवळ सपाट आल्या. दोन्हींमध्ये अंतरही भरपूर ठेवलं. मगरीचा जबडा पुढे आणि शेपूट मागे जमिनीच्या जरा वर ठेवली, म्हणजे फार कललं तर तीच आधी टेकतील. कडा सगळ्या घासून गोल केल्या, आणि बोटं पट्टीखाली जाऊ नयेत म्हणून बाजूंना फळी लावून घेतली. लल्लन मिस्त्री म्हणाला, "अउर ई मगर मुसकियात काहे हौ?"

"दाँत नाही लगाने हैं न चाचा, तो मुँह बंद करके हँसेगा."

मगर घरी आली त्या दुपारी काकू गच्चीवर उन्हात मटार सोलत बसली होती. मी तांदळाची गोणी काढायला निघाले, या वेळी ती उभी बांधणार होते.

"थांब," ती म्हणाली. "मी बसते."

"काकू, तू?"

"का? न दिसणारी कडी मला पेलणार नाही?"

"कडी पेलेल. लाकडाचं मला विचारू नकोस."

"गप. आणि माझं वजन काकाला सांगायचं नाही."

तिने साडी सावरली आणि मगरीवर बसली. आधी नुसतीच बसून राहिली, दोन्ही मुठी घट्ट. मग पायाने हलकेच रेटलं. मग जरा जास्त. मग मागे झुकली, अंगातला सगळा जोर लावून, जणू मगरीला खोटं पाडायचंच होतं. शेपूट टेकली, मगर थबकली आणि तिला घेऊन परत आली. काकूने पुन्हा तेच केलं. आणि पुन्हा. तिचा अंबाडा सुटला. इतक्या वर्षांत मी तिला कशावर डुलताना पाहिलं नव्हतं. तिचे डोळे मिटलेले होते.

उतरली तेव्हा तिने नाक पुसलं आणि हाक मारली, "अवने, ये गं."

अवनी बसली. डुलली. आणि अर्थातच उभी राहिली. हात वर केले. मी वर बघत होते, तिच्या बोटांजवळच्या हवेत, जिथे काहीच नव्हतं आणि जिथून ती लटकली होती. मगर मागे गेली, शेपूट टेकली, मगर पुढे आली. अवनी ओरडत होती, गल्लीतली माणसं वर बघत होती.

काकूचे दोन्ही हात अवनीच्या दोन्ही बाजूंना होते, न टेकता, नुसते धरलेले. मगर गेली आणि आली. हात जरा दूर झाले. मगर पुन्हा गेली, आली. हात काकूच्या मांडीवर आले, तिथे थोडा वेळ तसेच पडून राहिले, मग त्यांनी टोपली चाचपली. आणि अवनी उभ्याने डुलत असताना काकूने मान खाली घालून मटाराची एक शेंग फोडली.