दातातला दोरा

सत्तावीस वर्षं मी लोकांच्या भुवया कोरते आहे. दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा बोटांत, आणि प्रत्येक झटक्याला मान मागे. मानेनं कधी चकार शब्द काढला नाही, पण गेल्या वर्षी सगळी कसर भरून काढली. कानामागून कळ निघायची ती थेट कपाळापर्यंत. डॉक्टर म्हणाले, "हाडं ठीक आहेत, स्नायू आखडलेत. महिनाभर दोरा बंद. तरी दुखलं, तर हे काम सोडा."

आमच्या पार्लरमध्ये खुर्च्या दोनच. खिडकीजवळची, उजेडाची माझी, आतली सुनेची. मनात आलं, आता हिला माझी खुर्ची आयतीच मिळणार. आलं ते सांगते, लपवत नाही.

त्याच संध्याकाळी सून चटई घेऊन माझ्या खोलीत आली.

"आई, जरा आडव्या व्हा."

"मेले नाहीये अजून."

तिनं ते कानाआड केलं आणि माझ्या डोक्याखाली टॉवेलची घडी ठेवली. "मान उजवीकडे वळवा. अगदी सावकाश. दुखायच्या आधी थांबायचं."

मी एका दमात वळवली आणि कळवळले.

"कुठं गाडी चुकतेय का तुमची? परत. वळताना कुठं काय होतंय, तेवढंच बघा."

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तिची कटकट नको म्हणून चार दिवस केलं. पाचव्या दिवशी तिनं माझ्या गालाला हळूच बोट लावलं.

"आई, आत्ता दातात दोरा नाहीये."

खरंच की! दात एकमेकांवर गच्च आवळलेले. मग मी स्वतःवर पाळतच ठेवली. भाजी चिरताना, टीव्ही बघताना, ह्यांच्याशी बोलताना (तेव्हाचं तर विचारूच नका) जबडा आपला घट्टच. तो सैल सोडला की मान आपोआप आणखी वळायची, खांदे खाली यायचे आणि डोकं हलकं व्हायचं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मला चक्क रडू आलं.

महिना संपला. सकाळी पार्लर उघडलं, तशी सून सरळ जाऊन माझ्या खुर्चीत बसली. गेली खुर्ची, मला वाटलं. तिनं डोकं मागं टेकवलं, डोळे मिटले.

"माझ्या भुवया करा, आई. बिघडल्या तर गोष्ट घरातच राहील."

मी दोरा दातात धरला, निसटणार नाही इतपतच. मान जागेवर, काम हातांचं. दुसऱ्या भुवईला कानामागे ओढ लागली.

"दात, आई," ती डोळे न उघडताच म्हणाली. "तुमचा श्वास थांबला."

मी श्वास सोडला, जबडा सोडला, भुवई पुरी केली. कळ आली नाही.

गिऱ्हाइकांना मी उठता-बसता थँक्यू म्हणते. घरात तो शब्द कधी काढला नव्हता. दोरा तोंडातून काढला आणि म्हणाले, "तुझे फार उपकार झाले गं माझ्यावर. आणि मला वाटलं होतं, तुला ही खुर्ची हवी आहे."

"हवीच आहे," आरशात भुवया न्याहाळत ती म्हणाली. "दर पंधरा दिवसांनी. अश्शीच, डोळे मिटून."