तिसरी सही

अधिष्ठाता डॉ. हिंदुराव जगदाळे यांनी टाइप केलेला कागद टेबलावरून पुढे सरकवला, स्वतःच पेनाचं टोपण काढलं आणि पेन कागदावर आडवं ठेवलं.

"तुमची सही तेवढी राहिलीय, मॅडम."

डॉ. आम्रपाली ओव्हाळने कागद वाचला. मजकूर चार ओळींचा. रुग्णाचे वय, हृदयविकार व स्मृतिभ्रंश लक्षात घेता ते न्यायालयात स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ आहेत, असे वैद्यकीय मंडळाचे एकमत आहे. खाली दोन सह्या झालेल्या होत्या, जगदाळ्यांची आणि मंडळावरच्या हृदयरोगतज्ज्ञांची. तपासणीची वेळ घातली होती दुपारी चारची, आणि भिंतीवरच्या घड्याळात आत्ता कुठे साडेअकरा वाजत होते.

"सर, आपण अजून त्यांना पाहिलेलं नाही."

"मी पाहतो की. रोज पेपरात असतात."

"मी मेंदूच्या आजारांची डॉक्टर म्हणून आलेय. तपासल्याशिवाय सही कशी करू?"

जगदाळ्यांनी टोपण पुन्हा पेनाला लावलं. निवृत्तीला सात महिने उरलेला माणूस जसा उसासा टाकतो, तसा त्यांनी टाकला. "तपासा. तुमच्या समाधानासाठी तपासा. चहा तोवर सांगून ठेवतो."

रुग्ण वरच्या मजल्यावर होता. रावसाहेब. एके काळी अकरा महिने देशाचे पंतप्रधान. त्या अकरा महिन्यांत दिल्लीत विद्यार्थ्यांच्या एका मोर्चावर गोळीबार झाला आणि नऊ मुलं गेली. हुकूम कोणी दिला हे शोधायला चौकशी आयोगाने नऊ वर्षं घेतली, रावसाहेबांच्या वयाचा विचार करून दिल्लीहून पुण्याच्या कोर्टात वर्ग केलेला खटला उभा राहायला आणखी चार. आता सोमवारी पहिली साक्ष होती आणि शुक्रवारी रावसाहेब रुग्णालयात दाखल झाले होते. आपल्याकडे मोठ्या माणसाचं हृदय आणि समन्स यांचं काय नातं आहे, हे शेंबडं पोरही जाणतं. मंडईत भाजीवाल्यांनी सकाळीच त्यावर विनोद करून घेतले होते.

शहरात मतं दोनच होती. मराठी माणूस एकदाचा त्या खुर्चीवर बसला, त्याला म्हातारपणी पिंजऱ्यात कसलं उभं करता, हे एक. सिग्नल तोडला तर आमची पावती फाडता, मग याला का सोडता, हे दुसरं. आम्रपालीच्या घरात तर दोन्ही एकाच टेबलावर जेवत. तिची मुलगी पूर्वा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये होती. ती म्हणायची, "आजोबा, ही इज ऐंशी यार. आता जेलमध्ये टाकून काय मिळणार? लेट इट गो ना." त्यावर आम्रपालीचे वडील, तात्याराव रणपिसे, ताटातून मान वर न करता म्हणायचे, "जेलात नको टाकू. उभा तर कर."

त्या नऊ मुलांमध्ये त्यांचा अभय होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, अडलेली शिष्यवृत्ती मागायला दिल्लीला गेलेला. गोळी जमावातूनच कोणीतरी झाडली, असं सरकारचं म्हणणं होतं. तात्याराव प्रेत ताब्यात घ्यायला गेले तेव्हा एका डॉक्टरने दया येऊन ती गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली होती. तात्यारावांनी ती बोटांत फिरवून पाहिली आणि परत दिली. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं ते अशाच गोळ्या तपासून पेटीत भरत होते. ती कुठल्या बंदुकीची, आणि ती बंदूक कोणाच्या खांद्यावर असते, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. सोमवारची पहिली साक्ष त्यांचीच होती.

आम्रपालीचं लग्नानंतरचं आडनाव ओव्हाळ. मंडळावर नेमताना तिला कोणी काही विचारलं नाही आणि तिनेही काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण या माणसाची सोंगं उघडी पाडायची संधी दारात चालत आली होती. ती परत पाठवायला लागतं तेवढं मोठं मन तिच्याकडे नव्हतं. वडिलांनासुद्धा ती यातलं अक्षर बोलली नव्हती.

रावसाहेब खिडकीशी खुर्चीत बसले होते. दाढी गुळगुळीत, सदरा पांढराशुभ्र. शेजारी त्यांच्या पत्नी प्रेमलाताई लोकरीचं काहीतरी विणत होत्या. जगदाळे मागे उभे राहिले.

"या, या," रावसाहेब म्हणाले. "बसा. चहा घेणार ना?"

"नंतर घेईन. आज वार कोणता, साहेब?"

"वार कोणताही असो बाई, आम्हाला सुट्टी नसते."

जगदाळे हसले. आम्रपाली हसली नाही.

"वर्ष कोणतं चालू आहे?"

"निवडणुकीचं. या देशात दुसरं वर्ष असतं कुठे?"

"सध्या पंतप्रधान कोण आहेत?"

रावसाहेबांनी हाताची बोटं एकमेकांत गुंफली. "यावर मी आत्ता बोलणं उचित होणार नाही. योग्य वेळी बोलेन."

बेरकी आहे, असं तिला वाटलं, आणि एक प्रकारे बरंही वाटलं. मग हळूहळू काहीतरी खटकू लागलं. सोंग घेणारा माणूस उत्तर चुकीचं देतो, आणि हौसेने देतो. आजचा वार शंभर टक्के चुकीचा सांगतो. या माणसाचं एकही उत्तर चुकलं नव्हतं, कारण त्याने एकही दिलं नव्हतं. प्रश्न विचारणाऱ्याला चहा विचारावा, हसवावा आणि वाटेला लावावं, ही चाळीस वर्षांची सवय होती. बाकीचं सगळं ओसरलं तरी ती मागे उरली असेल का?

तिने किल्ली पुढे धरली. हे काय? "तुम्हीच आणलंत, तुम्हीच सांगा." कंगवा? "आता याचं मला काय काम उरलंय?" डोक्यावर एक केस नव्हता, उत्तर बिनतोड होतं. तिने पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, वेगवेगळ्या वाटांनी तासभर तेच तेच विचारलं. शेवटी कोरा कागद दिला आणि घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. गोल त्यांनी सुरेख काढला. मग आकडे घालायला लागले. एक, दोन, तीन करत बाराच्या बारा आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने बसले आणि डावी बाजू रिकामी राहिली. रावसाहेबांनी चित्राकडे पाहिलं. काहीतरी चुकलंय हे त्यांना कळलं, काय चुकलंय ते कळेना. त्यांनी कागदावर तळहात ठेवला, आणि इतर कोणी पाहिलं नाही ना म्हणून हळूच बायकोकडे नजर टाकली.

ही लाज सोंगात येत नाही. आम्रपालीने असे तळहात शेकड्यांनी पाहिले होते. शेतमजुरांचे, हेडमास्तरांचे, एकदा एका न्यायाधीशाचाही. आजार खरा होता. तेरा वर्षांत पहिल्यांदाच या माणसाच्या बाजूने काहीतरी खरं निघालं होतं, आणि ते नेमकं तिच्या पुढ्यात निघालं होतं.

पुढचा प्रश्न तिच्या यादीत नव्हता.

"रावसाहेब, विद्यार्थ्यांचा मोर्चा आठवतो? दिल्लीचा?"

जगदाळे खाकरले. प्रेमलाताईंच्या सुया थांबल्या. रावसाहेबांचा चेहरा मात्र उजळला.

"मोर्चा? मी होतो की मोर्चात. घोडे घातले आमच्या अंगावर. हे बघा." त्यांनी पायजमा वर करून नडगीवरचा जुना व्रण दाखवला. "पंधरा वर्षांचा होतो. गोऱ्या साहेबाच्या राज्यात."

"तो नव्हे. या मोर्चावर गोळ्या झाडल्या. नऊ मुलं गेली."

"मुलं?"

"शिकणारी मुलं. शिष्यवृत्ती मागायला आली होती."

रावसाहेब पुढे वाकले. त्यांच्या डोळ्यांत सरळ पाणी आलं. "हुकूम कोणी दिला?"

प्रेमलाताईंनी विणकाम मांडीवर ठेवून दिलं.

"कोणी का असेना," ते म्हणाले. "त्याला सोडू नका, बाई. मोठा असला तरी सोडू नका. कोर्टात उभा करा. नाहीतर पुढचाही असंच करील."

आम्रपालीने टाचणवही मिटली. या माणसाला काय काय सुनवायचं, हे तिने तेरा वर्षं मनात घोळवलं होतं. त्यातला एकही शब्द आता कुठे टाकता येत नव्हता. तिला संताप आला, आणि संताप करायला समोर कोणी उरलंच नव्हतं.

प्रेमलाताई तिच्या मागोमाग दारापर्यंत आल्या.

"तीन वर्षं झाली," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "मागच्या निवडणुकीत पक्षवाले यांना स्टेजवर बसवायचे. मी मागून नावं सांगत राहायचे. मी म्हटलं, आजारी आहेत म्हणून सांगून टाका. तर म्हणाले, वहिनी, एवढी निवडणूक जाऊ द्या. आता तेच जगाला सांगत सुटलेत, आणि जग हसतंय. हसणारच. मीही हसले असते."

खाली चहा निवून गेला होता. आम्रपालीने टाइप केलेला कागद बाजूला सारला, कोरा ताव घेतला आणि लिहू लागली. काय विचारलं, काय उत्तर आलं, घड्याळ कसं काढलं, सगळं. घड्याळाचं चित्र सोबत जोडलं. जगदाळे तिच्या खांद्यावरून वाचत होते.

"निष्कर्ष तर तोच आहे. मग याच्यावरच केली असती सही."

"तो तुम्ही न बघता काढलात, सर."

"उगाच दुप्पट काम."

मजकूर संपल्यावर तिने सही केली आणि सहीखाली आणखी एक ओळ लिहिली. त्या गोळीबारात मृत्यू पावलेल्या अभय तात्याराव रणपिसे याची मी सख्खी बहीण आहे.

जगदाळे खुर्चीत बसले. त्यांनी ती ओळ दुसऱ्यांदा वाचली.

"हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

"हवं होतं. चूक माझी. सांगितलं असतं तर तुम्ही मला घेतलं नसतं."

"मग आता कशाला सांगता? नोटीस येईल, मॅडम. नोकरीचा प्रश्न आहे."

"येऊ दे. नाहीतर हे खरं आहे यावर कोण विश्वास ठेवणार? तुमच्या दोन सह्यांवर ठेवणार आहेत का?"

जगदाळ्यांनी टाइप केलेल्या कागदाचे दोन तुकडे केले, मग चार केले, आणि तिच्या सहीशेजारी स्वतःची सही करून खाली हृदयरोगतज्ज्ञांसाठी जागा सोडली. या वेळी घड्याळात बघून वेळ घातली.

मांजरी उपनगरातल्या घरी पोचेपर्यंत सात वाजले. तात्याराव टीव्हीसमोर बसले होते. सोमवारसाठी इस्त्री करून आणलेला सदरा खुर्चीच्या पाठीवर होता.

"ऐकलंस का?" ते म्हणाले. "असमर्थ म्हणे. तुमच्याच कॉलेजातले डॉक्टर होते गं. किती घेतले असतील?"

"बाबा, मी होते."

तात्यारावांनी टीव्ही बंद केला. समोरच्या नव्या इमारतीवर मिक्सर फिरत होता, त्याचा आवाज घरात यायला लागला.

"तू?"

"हो. दोन तास तपासलं. खरंच काही आठवत नाही त्यांना. सोंग असतं तर मी सोडलं नसतं."

"तू कोण ते सांगितलंस?"

"लिहिलंय. सहीखाली. तुमच्या नावासकट."

त्यांनी हातातला रिमोट टेबलावर पालथा ठेवला. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं. रावसाहेब काय म्हणाले ते त्यांना सांगावं की नाही, हे तिला बसमध्ये ठरवता आलं नव्हतं, आणि आत्ताही आलं नाही.

"बरं केलंस लिहिलंस ते," तात्याराव अखेर म्हणाले. "जेवून घे."

ती हातपाय धुऊन आली तेव्हा ते कपाटाशी उभे राहून कोर्टाचं समन्स पुन्हा वाचत होते.

"सोमवारी तारीख आहे."

"आता खटला थांबवतील, बाबा. आरोपीला कळतच नसेल तर साक्ष घेत नाहीत."

"मला लेखी बोलावलंय. येऊ नका म्हणून लेखी आलंय का?"

"नाही. पण..."

"मग जायचं. तो विसरला असेल. मी कुठे विसरलोय?"

"जज्ज लिहून घेणार नाहीत."

"नाही घेतलं तर येऊ परत. त्यांनी तोंडाने नाही म्हणावं, माझ्याकडे बघून." त्यांनी समन्सची घडी घालून ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि खिसा वरून दाबून सपाट केला. "तू येशील?"

आम्रपालीने मान हलवली. मग त्यांना ते दिसलं नसेल असं वाटून म्हणाली, "रजा टाकते. नऊला निघू."

"नऊला उशीर होईल," तात्याराव म्हणाले. "आठला निघू."